टाक्याकडची वाट

परवा बसमध्ये माझ्या शेजारी एक म्हातारी बाई येऊन बसली. तिच्या अंगात जाड लोकरीचा कोट होता, पावसानं चिंब झालेला. बसचा हीटर चालू होता. दोन स्टॉप गेले असतील, तेवढ्यात कोटातून वास सुटला. तिलाच ओशाळल्यासारखं झालं असावं. माझ्याकडे बघून म्हणाली, "सॉरी, कोट फार जुना आहे." मी म्हणालो, "छान वास आहे." तिला वाटलं असेल, पोरगा सभ्यपणानं बोलतोय. पण मी खरं तेच सांगत होतो. ओल्या लोकरीच्या वासात मी लहानाचा मोठा झालो. घोंगडं, मेंढरं, पावसातून आलेल्या वडिलांचा, आबांचा खांदा, सगळ्याला हाच वास.

मग त्या वासामागून दुसरा वास आला, रक्ताचा, आणि मी एक स्टॉप आधीच उतरलो.

इथे परदेशात, बॉथेलमध्ये, नोव्हेंबर लागला की माझं असं होतं. इथला पाऊस कोसळत वगैरे नाही, तो नुसता असतो, दिवसचे दिवस. साडेचारला अंधारून येतं. लायब्ररीतल्या खुर्च्या भरतात, टेबलांवर कॉफीचे कागदी कप साठत जातात, आणि ओळखीची माणसंही एकमेकांना फक्त मान हलवून दाखवतात. परीक्षांचे दिवस. गेल्या वर्षी याच दिवसांत मी इराणमधली एक खिंड शोधत होतो.

शोधत होतो म्हणजे खुर्चीत बसून. मी इथे भूगोलात एम.एस. करतो. उपग्रहांनी मोजलेल्या उंचीच्या नकाशांवरून जुने रस्ते कुठून गेले असतील ते काढायचं, असा आमचा एक विषय होता. प्रत्येकानं एकेक जुना रस्ता निवडायचा होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे वर्गात हात वर करायला मला अजून वेळ लागतो. माझी पाळी येईपर्यंत चांगले चांगले रस्ते संपले होते. यादीत उरलं होतं ते सिकंदराच्या मोहिमेतलं पर्वतद्वार. डोंगरातला दरवाजा. इराणच्या राजधानीकडे जाताना सिकंदराला जिथे अडवलं ती खिंड. ती नक्की कुठली, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. एक जण या दरीवर बोट ठेवतो, दुसरा त्या.

मला आधी त्या खिंडीत जे घडलं ते वाचावं लागलं. वाचताना माझी जेवणाची ताटली तशीच राहायची. भर हिवाळा. खिंडीच्या अरुंद जागी इराणी सुभेदारानं आडवी भिंत घालून ठेवलेली. सिकंदराची फौज आत शिरली, पार चिंचोळ्या जागेपर्यंत येऊ दिली, आणि मग वरून धोंडे सुटले. धोंडा कड्यावर आपटतो, उसळतो, एकाला चिरडून पुढच्या तिघांवर जातो. ढाली डोक्यावर धरल्या तर ढालीसकट माणूस खाली दबायचा. दोन्ही बाजूंनी बाण. पळायला मागे जागा नाही, कारण मागून आपलीच माणसं येत होती. सिकंदराला आपले मेलेले तिथेच टाकून माघार घ्यावी लागली.

तेव्हा कैद्यांमध्ये एक मेंढपाळ निघाला. त्यानं सांगितलं, डोंगराच्या मागून एक वाट आहे. त्या वाटेनं, बर्फातून, फौज सुभेदाराच्या पाठीवर उतरली. मग समोरून आणि मागून एकदम कापाकापी झाली. ज्यांच्या हातात काही नव्हतं ते इराणी सैनिक हत्यारबंद माणसांना नुसते मिठ्या मारून खाली ओढत होते आणि त्यांचीच हत्यारं त्यांच्या पोटात खुपसत होते, असं जुन्या वर्णनात आहे. थोड्या महिन्यांत राजधानीचा राजवाडा जळाला.

सुभेदाराचं नाव इतिहासात आहे. मेंढपाळाचं नाही. तोही कधीतरी लढाईत पकडून आणलेला, या डोंगरात मेंढरांमागे लावलेला, एवढंच लिहिलंय. वर्गात माझ्याआधी बोललेल्या मुलानं त्याला गद्दार म्हटलं. सगळे हसले. मीही हसलो असेन.

माझा रूममेट निखिल नागपूरचा, इथे सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला. तो ऑफिसातून आला की माझ्या स्क्रीनकडे बघून बूट काढायचा.

"काय बे सोप्या, सापडला का दरवाजा?"

"नाही यार. प्रोग्राम भलतीच वाट दाखवतोय."

"सिकंदरला मॅप नव्हता तरी पोचला, अन् तू सॅटेलाइट घेऊन बसला आहेस!"

खरंच भलती वाट येत होती. प्रोग्रामला सांगावं लागतं की किती चढ म्हणजे किती श्रम. मग तो सगळ्यात कमी श्रमाची वाट काढून देतो. मी पुस्तकातले आकडे घातले होते, चालणाऱ्या माणसाचे. प्रोग्राम वाट काढायचा ती सरळ ओढ्यातून, खाली-खाली, इतक्या लांबच्या फेऱ्यानं की फौज पोचेपर्यंत उन्हाळा लागला असता. आठवडा गेला, मग दुसरा. चूक कुठे होती हे कळलं तेव्हा मला स्वतःचंच हसू आलं. ती माणसाची वाट नव्हतीच. मेंढरांची होती. मी मेंढपाळाचा पोरगा, आणि मी पुस्तकातून माणसाचे आकडे घेत होतो!

मेंढरं ओढ्यात उतरत नाहीत, निसरड्या दगडाला भितात. चढ आला की समोरून चढत नाहीत, डोंगराच्या कुशीला धरून तिरकी जातात, एकामागं एक. वाट लांबली तरी त्यांना चालतं, पण मध्ये पाणी लागतं आणि मान खाली घालायला गवत लागतं. हे सगळं मी आकड्यांत बसवलं. मग पडताळा बघायचा होता. ज्या डोंगरातली मेंढरांची वाट मला आधीच माहीत आहे, तिथे हे आकडे घालायचे आणि प्रोग्राम तीच वाट काढतो का बघायचं. मला अशी एकच वाट पक्की माहीत होती. मी नकाशातला गावाकडच्या घाटमाथ्याचा तुकडा उघडला, आमच्या खिंडीचा, आणि बटण दाबलं.

पडद्यावर लाल रेघ उमटत गेली. आमच्या मेंढरांच्या तळावरून निघाली, डोंगराच्या कुशीनं तिरकी चढली, पाण्याच्या टाक्यापाशी वळली, आणि खिंडीच्या बरोबर डोक्यावर जाऊन थांबली.

मी लॅपटॉप मिटला.

इथून पुढचं नीट सांगता येईल की नाही, मला माहीत नाही. सहा वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

दिवाळी झाली की आमची बिऱ्हाडं मेंढरं घेऊन घाटावरून खाली कोकणात उतरतात. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो, सुट्टीला तळावर आलो होतो. आबांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना नाना म्हणतो, आदल्या दिवशी पुढे गेले होते. त्यांची मेंढरं वाटेत कुणाच्या तरी उभ्या हरभऱ्यात घुसली. राखणदारानं कोकराच्या पाठीत काठी घातली. नानांनी गोफण फिरवली, धोंडा राखणदाराच्या कपाळावर बसला. तो पडला तो उठेना, म्हणून नाना मेंढरं हाकत खिंडीकडे निघाले आणि रात्री तिथेच थांबले.

सकाळी, चहा उकळत असताना, राखणदाराच्या बाजूची आठ-दहा माणसं आमच्या तळावर आली. हातात काठ्या, दोघांकडे कुऱ्हाडी. त्यांनी आबांना विचारलं, "तुझा भाऊ कुठल्या अंगाला गेला?" आबा म्हणाले, "मला न्हाई ठावं." पहिली काठी मांडीवर बसली. दुसरी तोंडावर. आबा गुडघ्यावर आले, थुंकले, आणि थुंकीत दोन दात पडले. आई मध्ये पडली तर तिला एकानं केसाला धरून चुलीवरनं ओढलं, चहाचं पातेलं तिच्या पायावर सांडलं. कुत्रं भुंकत होतं, त्याच्या डोक्यात कुऱ्हाडीचा बोथट तुंबा बसला आणि ते एकदम गप्प झालं. आबा प्रत्येक वेळी तेच म्हणत होते, न्हाई ठावं, न्हाई ठावं, आणि दर वेळी शब्द आणखी पातळ होत होते.

मी म्हणालो, "खिंडीनं गेलेत."

काठी थांबली.

त्यांनी एवढंच विचारलं होतं. एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. खिंड चिंचोळी आहे, नाना तिच्या तोंडाशी एकटे गोफण घेऊन उभे राहिले असते तरी त्या लोकांना जवळ येता आलं नसतं. पण मी बोलत होतो तोवर काठी थांबली होती. म्हणून मी बोलत राहिलो. मी म्हणालो, खिंडीतनं जाऊ नका, गोफणीखाली सापडाल. मी म्हणालो, हितनं तिरकी वाट हाय, वर पाण्याचं टाकं लागंल, तिथनं डाव्या हाताला वळा, बरोबर खिंडीच्या डोक्यावर निघता. मी हातानं दाखवलं. मला आठवतं, मी बोट दाखवलं नाही, अख्खा तळहात धरला होता, पाहुण्याला वाट दाखवतात तसा.

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. वरून धोंडे गडगडत गेल्याचा आवाज डोंगर ओलांडून तळावर आला. आधी गडगडाट, मग मेंढरांचा. मेंढरू मरताना ओरडत नाही असं लोक म्हणतात. एकटं असलं तर नसेल ओरडत. संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा खिंडीत पाय ठेवायला जागा नव्हती. पोटं फुटलेली, शिंगं मोडलेली, एक गाभण मेंढी कड्याला अर्धी चिकटलेली, ओली लोकर आणि रक्त. नाना एका धोंड्याखाली होते, उजवा पाय गुडघ्यापासून चेचलेला. शुद्धीवर होते. त्यांनी आबांना विचारलं, "टाक्याकडची वाट कुनी सांगितली?"

आबा काही बोलले नाहीत.

"ते लोक म्हनले, तुज्याच तळावरनं कळलं."

आबा तरीही काही बोलले नाहीत. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि मला वाटतं, मुद्दामच बघितलं नाही. दोन दिवसांनी त्यांनी मला एसटीत बसवून दिलं. म्हणाले, "तू शिक." गावानं बसून प्रकरण मिटवलं. राखणदार वाचला होता. नानांचा पाय गेला, उरलेली मेंढरं त्यांनी विकली, आणि त्या दिवसापासून ते आपल्या भावाशी बोलले नाहीत. आमच्या बहिणीच्या लग्नात ते मांडवाच्या दुसऱ्या टोकाला कुबडी मांडीवर घेऊन बसले होते. आबांनी त्यांच्यापुढे ताट नेऊन ठेवलं, ते त्यांनी शेजारच्या पोराकडे सरकवलं.

पर्वतद्वाराचं वाचताना कधी कधी वाटतं, आपण या जुन्या लढाया इतक्या आवडीनं का वाचतो. धोंडे वरून कोण सोडतंय आणि खाली कोण आहे, हे पानावर बदलत राहतं, आणि आपण दर वेळी उभे असतो ते कुठेतरी तिसरीकडे, हवेत, जिथून दोन्ही बाजू दिसतात. उपग्रह असतो तिथे. माझ्या लाल रेघेत रक्ताचा थेंब नव्हता. फार सुंदर रेघ होती ती.

त्याच आठवड्यात निखिल मला बर्फ दाखवायला डोंगरात घेऊन गेला. "दिवसरात्र स्क्रीनमंदी डोळे घालून राहिला आहेस, चल बे." मी नको नको म्हणत गेलो. घाटाच्या अलीकडे गाड्या थांबवलेल्या होत्या. वरचा सैल बर्फ रस्त्यावर यायच्या आत सुरुंग लावून पाडतात, ते काम चालू होतं. लोक गाडीबाहेर येऊन, हातात थर्मास घेऊन गप्पा मारत उभे होते. मीही उतरलो. आणि वरून धडाम् झालं, मग डोंगराच्या पोटातून तो गडगडाट.

मी रस्त्याच्या कडेच्या चिखलबर्फात खाली बसलो. दोन्ही हात डोक्यावर.

"अबे, काय झालं? सोप्या? पॅनिक अटॅक आला का? डॉक्टरकडं जाऊ?"

"काही नाही. पाय घसरला."

"हात डोक्यावर ठेवून घसरते का कोणी?" असं तो म्हणाला, पण पुढे विचारलं नाही. परत येताना त्यानं गाडीत गाणी लावली नाहीत.

मी काम पूर्ण केलं. आमच्या खिंडीत पडताळा जुळला होता, म्हणून तेच आकडे इराणच्या दऱ्यांना लावले. वादातल्या दऱ्यांपैकी एकीत, मागून, जुन्या वर्णनातल्या मुदतीत पोचणारी वाट निघाली. आमच्या प्राध्यापक बाई सहसा कौतुक करत नाहीत. त्या खुर्ची ओढून माझ्या स्क्रीनसमोर बसल्या. त्या काय म्हणाल्या ते इंग्रजीतच, पण अर्थ असा.

"यानं खिंड सापडली असं म्हणता येणार नाही. पण इथे असू शकते, एवढं तू दाखवलंस. आणि हा तुझ्याकडचा पडताळा फार चांगला आहे. ही वाट खरी आहे हे तुला कसं कळलं?"

"माहीत आहे."

"इथे तू लिहिलंयस, स्थानिक माहिती. स्थानिक म्हणजे कोण? कुणीतरी तुला दाखवली असेल ना?"

"माझ्या काकांनी. लहानपणी."

"मग त्यांचं नाव लिही. आणि त्यांची परवानगी घे. लोकांकडची माहिती आपण अशीच उचलत नाही. एक फोन करायचा, एवढंच."

हे बोलेपर्यंत ते मी विसरलो होतो. अगदी खरं सांगतो, विसरलो होतो. ती वाट मला नानांनीच दाखवली होती. मी सात-आठ वर्षांचा असेन. नवीन जन्मलेलं कोकरू माझ्या कडेवर होतं आणि नाना पुढे चालत होते. टाक्याशी त्यांनी ओंजळीनं मला पाणी पाजलं आणि म्हणाले, ही वाट आपली हाय, कुनाला सांगायची न्हाई.

शनिवारी सकाळी मी फोन लावला. तिकडे रात्रीची जेवणं व्हायची वेळ. मागे टीव्ही चालू होता.

"कोन?"

"नाना, मी सोपान."

टीव्हीचा आवाज कमी झाला. "बोल."

मी परवानगीचं सांगितलं. अभ्यास, नकाशा, त्यांचं नाव. मला माझंच बोलणं पोस्टमननं कागद वाचून दाखवल्यासारखं वाटत होतं. ते म्हणाले, "त्या वाटंला माजं नाव द्येतोस? चांगलं हाय." आणि हसले. तसं हसणं मी पुन्हा ऐकू नये.

"नाना, आबांनी न्हाई सांगितली. म्या सांगितली."

तिकडे टीव्ही बंद झाला.

"त्यांनी तोंड उघडलं न्हाई शेवटपातुर. मारत हुते त्यास्नी. मला बघवंना, मी..."

"मारत व्हते?"

"व्हय. काठ्यांनी. दात पडले दोन."

"त्या सांजंला तोंड सुजलेलं व्हतं. मला म्हनला, घोडीनं लाथ मारली."

नानांचा श्वास ऐकू येत होता. मग ते हळू, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "ती वाट तुला म्याच दावली व्हती." आणि फोन बंद झाला.

परवानगी मिळाली नव्हती. मी आमच्या खिंडीचं सगळं पान अहवालातून काढून टाकलं. पडताळ्याशिवाय इराणची वाट म्हणजे नुसता अंदाज, हे बाईंनी शेवटी लिहिलंच, आणि ग्रेड कमी झाली. निखिल म्हणाला, "एका पानासाठी? पागल आहेस का बे?" मी त्या दिवशी त्याला सगळं सांगितलं. तो भांडी घासत होता. सांगून संपलं तरी तो एकच ताटली कितीतरी वेळ धूत राहिला.

आबांना मी काही कळवलं नव्हतं. धीर झाला नाही. जानेवारीत त्यांचाच फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि ते म्हणाले, "नाना आलता."

"कुठं?"

"तळावर. जीपमधनं आला, कुबडी घिऊन. उतरला नि बसला."

"काय म्हनले?"

"काय न्हाई. लई येळ बसला. मग म्हनला, तोंड उघड. म्या उघडलं. त्यानं माज्या हनवटीला धरलं, व्हट वर केला, मेंढराचं वय बघत्यात तसं, आन् बघितलं. बोट फिरवलं रिकाम्या जागंवरनं. मग चा पिला."

मी फोन कानाला गच्च धरून उभा होतो. खिडकीबाहेर तोच पाऊस.

"जाताना म्हनला, पोराला सांग, त्या टाक्याच्या वर हिरड्याचं झाड हाय. वाट तिथनं वळती, टाक्यापासनं न्हाई. त्यानं चुकीचं काढलं आसंल."

या वर्षी माझा प्रबंध आहे. तीच खिंड, तोच मेंढपाळ. त्याला नाव नाही ते नाहीच, पण मी त्याला गद्दार लिहिणार नाही, आणि वाटाड्या असं गोड नावही देणार नाही. त्याला काय म्हणावं हे अजून ठरलेलं नाही. पानावर तेवढी जागा मी मोकळी सोडली आहे. आणि आमच्या घाटाचा तुकडा पुन्हा उघडला आहे. परवा बसमधून मध्येच उतरून, पावसात चालत, लायब्ररीत आलो ते त्याचसाठी. उपग्रहाच्या चित्रात एकटं झाड शोधणं फार अवघड असतं. आधी त्याची सावली शोधावी लागते. टाक्याच्या वरच्या अंगाला दोन-तीन काळे ठिपके आहेत, पण ते झाड की दगड, मला सांगता येत नाही.

काल आबांना विचारलं, हिरडा टाक्याच्या नेमका कुठल्या बाजूला?

आबा म्हणाले, "मला काय इचारतोस? त्यो बसलाय हितं. त्यालाच इचार."